जुनी आलिशान एसयूव्ही पुण्यात सांभाळायची तर: आधी पाणी, मग बॅटरी, मग बाकी सगळं

जुलैचा दुसरा आठवडा होता. तीन दिवस पावसाची झड लागलेली. सकाळी बावधनहून निघालो आणि चांदणी चौकाच्या पुलावर येईपर्यंत गाडीतली गाणी बंद पडली. मग डॅशबोर्डवरचा मोठा स्क्रीन काळा झाला. पाच मिनिटांनी कंपनीचं चिन्ह उजळलं आणि पुन्हा अंधार. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं ठणठणीत. सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि अंदाजपत्रक हातात दिलं: स्क्रीनमागचं मुख्य युनिट बदलायचं, दोन लाख दहा हजार, कर वेगळा.

मी ते युनिट बदललं नाही. दोष वेगळ्याच कोपऱ्यात होता, आणि त्याची सुरुवात आमच्या पार्किंगवर सावली धरणाऱ्या गुलमोहोरापासून झाली होती. ती गोष्ट ओघात येईल. त्या महिन्याभरात मला एक कळलं ते आधी सांगतो. या गाड्यांत महागडा भाग बिघडला असं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मागे पाणी, दमलेली बॅटरी किंवा कोणीतरी कापलेली वायर असते. हे तीन तपासल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही.

हा लेख सात ते बारा वर्षं वयाची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हर किंवा व्होल्वोची मोठी एसयूव्ही घेतलेल्यांसाठी आणि घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. नवी असताना ऐंशी-नव्वद लाखांना गेलेली गाडी दहा वर्षांनी चांगल्या नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते, म्हणून मोह होतो. पण उतरतो तो गाडीचा भाव. हेडलाइट, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट (म्हणजे तो चालवणारा छोटा संगणक) यांचे भाव ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात. मर्सिडीज चाकणला जोडली जाते आणि जग्वार लँड रोव्हरच्या काही गाड्या टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात, म्हणून पुण्यात भाग स्वस्त मिळत असतील असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इथे मुख्यतः परदेशातून आलेल्या संचांची जोडणी होते.

घेण्याआधी

पहिली तपासणी तुमच्या सोसायटीत करा. कोथरूड, बाणेर, वाकडच्या अनेक इमारतींत गाड्या एकावर एक चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं. त्याच्या खांबावर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली पाटी असते, ती वाचा. या गाड्यांचं वजन दोन ते अडीच टनांच्या घरात जातं आणि उंची पावणेदोन मीटरच्या आसपास किंवा जास्त. पाटीत बसत नसेल तर गाडी उघड्यावर, झाडाखाली राहणार हे धरून चला, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिथूनच निघतात.

दुसरी गोष्ट कागदांची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही पडत्या भावात इकडे येत राहिल्या. अशी गाडी वाईटच असते असं नाही, पण हिशेब पूर्ण मांडा. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने. वीस लाखांवरच्या खासगी गाडीला इथे पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के असा दर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी रक्कम छोटी नसते. संगम पुलाजवळच्या आरटीओत नेमका आकडा काढून मगच विक्रेत्याशी भाव ठरवा.

आता गाडी. विक्रेत्याला सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावून ते गार आहे याची खात्री करा. शक्य असेल तर गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथेच बघा. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात झुकलेली असेल तर तिथे हवेची गळती आहे. इंजिन सुरू झाल्यावर हवा भरणारा कॉम्प्रेसर ती मिनिटाभरात सरळ करतो, म्हणूनच विक्रेते गाडी आधी सुरू करून ठेवतात.

मग डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनीच्या खळग्यात बोटं फिरवा, पुढच्या सीटसमोरचं कार्पेट तळहाताने दाबा. ओल, गंज, कुबट वास यातलं काही असेल तर तिथून निघा. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते, पण सीटखालच्या बोल्टवरचा आणि सीटबेल्टच्या तळाशी साठलेला गाळ सहसा कोणी साफ करत नाही. बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.

टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर घातले तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसला सतत ताण बसतो.

शेवटी स्कॅन. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल फक्त इंजिन आणि प्रदूषणाचे सर्वसाधारण कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या बिघाडांचे क्रमांक, वाचतो. आपल्याला सस्पेन्शन, एअरबॅग, गिअरबॉक्स, दार, सीट, ऑडिओ सगळ्यांचे कोड हवेत. त्यासाठी त्या कंपनीची प्रणाली लागते: मर्सिडीजला झेन्ट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस. असं साधन असलेला माणूस सोबत न्या आणि पूर्ण अहवाल छापून घ्या. एकही जुना कोड नाही असं निघालं तर खूश होऊ नका. बहुधा कालच पुसलेत. पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

पहिला आठवडा: पाण्याच्या वाटा

आता गुलमोहोराची गोष्ट. त्याची पानगळ उन्हाळ्यात होते आणि पानं म्हणजे नखापेक्षा लहान पर्णिका. त्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात, काचेच्या छताच्या कडेला असलेल्या पन्हळीत साठतात आणि पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो. मोठं काचेचं छत पूर्ण जलरोधक नसतंच. कडेने आत येणारं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खाली जावं अशी त्याची रचना असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन बंपरच्या आड. नळी तुंबली की पाणी छताच्या अस्तरातून किंवा खांबातून आत उतरतं.

माझ्या गाडीत मागची डावी नळी तुंबली होती. पाणी डिकीच्या डाव्या कप्प्यात उतरलं आणि तिथे नेमका ऑडिओचा ॲम्प्लिफायर होता.

नळ्या साफ करायची पद्धत सोपी आहे. मे महिन्यात, पावसाआधी करा. छत उघडा, कोपऱ्यातलं छिद्र शोधा, त्यात कपभर पाणी हळू ओता आणि गाडीखाली बघा. धार लगेच पडली तर ठीक. थेंबथेंब पडलं किंवा पाणी तुंबून राहिलं, तर गवत कापायच्या यंत्रात असते तसली जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवा, फिरवा, बाहेर काढा, पुन्हा पाणी ओता. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. मी एकदा पंक्चरवाल्याकडे तो प्रयोग केला आणि हवेच्या दाबाने नळी खांबाच्या आतल्या जोडातून निसटली. मग छताचं अस्तर उतरवावं लागलं. चारही कोपरे करा. वायपरखालची जाळी काढून तिथली पानंही उचला, कारण एसीची हवा तिथूनच आत जाते आणि काही गाड्यांत इंजिनचं कंट्रोल युनिट त्याच भागात असतं.

बॅटरी आणि अर्थिंग

या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही, एजीएम (काचतंतूच्या थरांत आम्ल धरून ठेवणारी) लागते, साधारण ९५ ते १०५ अँपिअर-अवरची. ती बॉनेटखाली असेलच असं नाही. कुठे सीटखाली असते, कुठे डिकीत. मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी सहायक बॅटरीही काही गाड्यांत असते, ती लोक विसरतात.

सात-आठशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही सुरू न करता, व्होल्टेज मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.८ च्या दरम्यान दिसायला हवं. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिटं एकमेकांना चुकीचे किंवा अर्धवट संदेश पाठवू लागतात आणि डॅशबोर्डवर सस्पेन्शन, ब्रेक, पार्किंग सेन्सर, सगळ्यांचे दिवे एकदम लागतात. असे चार-पाच दिवे एकत्र लागले तर चार-पाच भाग एकाच दिवशी मेलेले नसतात. आधी बॅटरी बघा.

नवी बॅटरी बसवल्यावर ती गाडीत स्कॅनरने नोंदवावी लागते; बीएमडब्ल्यूत तर आवर्जून. नोंद नसेल तर गाडी नव्या बॅटरीलाही म्हातारी समजून जास्त चार्ज करते आणि ती लवकर जाते.

अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या पट्टीकडे, कोणी बघत नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी गंजली आहे. ती काढून, घासून, घट्ट बसवायला अर्धा तास लागतो.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या बॅटरीवरून सुरू करताना बॉनेटखाली दिलेली खास टोकं वापरा आणि धन-ऋण दोनदा तपासा. उलट जोडणीच्या एका ठिणगीत अनेक युनिटं जाऊ शकतात.

उभ्या गाडीतली वीज कोण खातं

दर तीन-चार दिवसांनी बॅटरी उतरते अशी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. लोक बॅटरी बदलतात, महिन्याने पुन्हा तेच. हे घरी शोधता येतं.

गाडी कुलूपबंद केल्यावर तिची युनिटं एकेक करून झोपतात. त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. झोपलेली गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत खाते, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवरच्या आत. ती महिनाभरही उभी राहू शकते. तोच आकडा अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला बारा अँपिअर-अवर जातात आणि चार दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी.

मोजताना बॉनेट आणि डिकी उघडी ठेवावी लागते, म्हणून त्यांची कुलपं पेचकसाने दाबून गाडीला ती बंद असल्याचं भासवा. किल्ली घरात नेऊन ठेवा. ती जवळ असली तर किल्लीविना उघडणारी गाडी झोपतच नाही. डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या जाड वायरभोवती लावा आणि तासभर थांबा. आकडा खाली आला नाही तर फ्यूज उपसत बसू नका. फ्यूज काढून घातला की ते युनिट जागं होतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याऐवजी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंमध्ये मोजा. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी आकडा दिसतो, त्या वाटेवर वीज वाहते आहे. त्या फ्यूजवर काय काय आहे ते तक्त्यात बघा. माझ्या ओळखीच्या तीन गाड्यांत चोर एकच निघाला: आधीच्या मालकाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम.

गाडीतलं जाळं

काही बसवण्याआधी आत काय आहे ते समजून घ्या. बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली कॅन बस नावाची पद्धत आज सगळ्या गाड्यांत आहे. पिळलेल्या दोन वायरींवर सगळी युनिटं आपापले संदेश टाकतात आणि ज्याला हवा तो उचलतो. या जोडीत कोणी मध्येच वायर जोडली, पिळ सोडला, जोड सैल ठेवला, तर बिघाड भलतीकडे दिसतो. दिव्याच्या वायरमधली छेडछाड गिअरबॉक्सचा कोड देऊ शकते.

ऑडिओ आणि स्क्रीनसाठी साधारण २००० नंतरच्या दीड दशकात बऱ्याच जर्मन आणि ब्रिटिश गाड्यांत मोस्ट नावाचं प्रकाशतंतूचं कडं वापरलं गेलं. स्क्रीनचं युनिट, ॲम्प्लिफायर, फोनचं युनिट, ट्यूनर हे सगळे एका वर्तुळात जोडलेले असतात आणि प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एकजण मेला की कडं तुटतं आणि सगळेच मुके होतात. माझा स्क्रीन काळा झाला तो यामुळे.

पिंपरीतले एक काका वाहन उद्योगात अनेक वर्षं वायरिंगचं काम करून आता स्वतःचं छोटं दुकान चालवतात. त्यांनी स्क्रीनला हातही लावला नाही. म्हणाले, "आधी डिकीचं कार्पेट उचला." डाव्या कप्प्यात चार बोटं पाणी. त्यांनी ॲम्प्लिफायरचा प्रकाशतंतूचा प्लग काढला आणि त्याजागी कडं पुन्हा जोडणारा छोटा लूप लावला. स्क्रीन उजळला आणि उजळलेलाच राहिला. आवाज नव्हता, कारण ॲम्प्लिफायरच बाजूला काढलेला, पण दोष कुठे आहे हे दहा मिनिटांत कळलं. दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर, नळीची सफाई आणि मजुरी मिळून अठ्ठावीस हजार झाले. तो लूप मिळत असेल तर एक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवाच. आणि हा तंतू दाबून दुमडू नका. २५ मिलिमीटरपेक्षा लहान वळण दिलं तर प्रकाश आतच हरवतो.

काय बसवावं, कसं बसवावं

माझा नियम एकच: जे बसवलं ते एका तासात, एकही वायर न कापता काढता आलं पाहिजे.

डॅशकॅम प्रत्येकाने बसवावा. आतल्या बॅटरीचा घेऊ नका, कपॅसिटरचा घ्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते. वीज फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणाऱ्या जोडाने) घ्या, आणि एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनच्या फ्यूजला हात लावू नका. मागच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज चालतो. समोरच्या खांबातून वायर खाली उतरवताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून न्या. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायर तिच्या वाटेत येते. हे काम करणाऱ्याला तुमच्यासमोर आच्छादन काढायला लावा. उभ्या गाडीतलं चित्रीकरण साधारण पाव अँपिअर खातं, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-अवर, म्हणून १२.४ व्होल्टला आपोआप बंद होणारा वायरिंग संच वापरा. ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडायच्या जागेतून) वीज घेणारे संच टाळा, त्यांनी काही गाड्या झोपतच नाहीत.

ॲपल कारप्ले २०१४ मध्ये आलं आणि अँड्रॉइड ऑटो त्यानंतर वर्षभराने, त्यामुळे दशकभर जुन्या गाड्यांत ते सहसा नसतं. दोन मार्ग आहेत. एक, मूळ स्क्रीन काढून मोठा अँड्रॉइड स्क्रीन. दिसायला छान, पण अनेकदा पार्किंगच्या रेषा, गाडीची सेटिंग किंवा मूळ आवाजाची प्रत जाते, आणि उन्हात तो रेंगाळतो. दुसरा, मूळ स्क्रीन तसाच ठेवून त्यामागे प्लगला प्लग जोडणारा इंटरफेस बॉक्स. मी दुसरा निवडला. घेण्याआधी तुमच्या गाडीतल्या प्रणालीची नेमकी पिढी शोधा. मर्सिडीजमध्ये एनटीजी, बीएमडब्ल्यूमध्ये सीआयसी किंवा एनबीटी, ऑडीमध्ये एमएमआय अशी नावं असतात. नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलेला बॉक्स हमखास चुकतो.

झेनॉन हेडलाइट असेल तर बल्बचा प्रकार बघा: डी१एस आणि डी३एस दिसायला जुळे, पण चालायला वेगळ्या व्होल्टेजवर. पेटताना तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो, तेव्हा चालू दिव्यात हात घालू नका. काचेवर काळी फिल्म लावू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केली आहे. समोर लोखंडी गार्डही नको: केंद्राने २०१७ च्या शेवटी त्याविरुद्ध सूचना काढली, आणि धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत पोचण्यात तो गार्ड फरक पाडतो.

कोडिंग (युनिटांच्या आतल्या सेटिंग बदलणं) किंवा सॉफ्टवेअर अपडेट करून घेताना एक अट घाला. गाडीला स्थिर पॉवर सप्लाय जोडल्याशिवाय सुरुवात करायची नाही. साधा चार्जर पुरत नाही. इग्निशन चालू असताना गाडी तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. मध्येच व्होल्टेज पडलं तर युनिट अर्धवट लिहिलेलं राहतं आणि पुन्हा जागं होईलच असं नाही. मूळ कोडिंगची प्रत आधी जतन करून घ्या.

जे काही बाहेरून बसवलं त्याची विमा कंपनीकडे नोंद करा. आयएमटी २४ या कलमाखाली जास्तीचा हप्ता भरून विजेची उपकरणं पॉलिसीत घेता येतात.

एअर सस्पेन्शन

रबरी फुगे, त्यांना हवा देणारा कॉम्प्रेसर, हवा वाटणारा व्हॉल्व्ह, उंची मोजणारे सेन्सर आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा एक रिले. यात आधी म्हातारा होतो तो रबरी फुगा. त्याला बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू जाते, कॉम्प्रेसर ती भरून काढायला दिवसभर धावतो आणि शेवटी जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे सहा महिन्यांनी तोच खर्च पुन्हा.

गळती अशी शोधा. सपाट जागेवर गाडी लावून रात्री प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा. ज्या कोपऱ्यात फरक, तिथे साबणाचं पाणी फवारा: फुग्याच्या वळीवर, नळीच्या जोडावर. बुडबुडे दिसतील. चारही कोपरे सारखेच खाली आले असतील तर व्हॉल्व्हकडे संशय न्या. फुगे जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन, आणि कॉम्प्रेसर बदललात तर रिलेही बदला. जुन्या रिलेचे बिंदू चिकटले तर नवा कॉम्प्रेसरही थांबायचं नाव घेत नाही. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घेण्याआधी सस्पेन्शन जॅक मोडवर टाकायचं असतं. पंक्चरवाल्याला ते माहीत नसतं, तुम्ही सांगा.

साध्या स्प्रिंगा बसवून द्या असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. गाडी उभी राहते, पण चालण्याची जी गुणवत्ता पाहून ती घेतली तीच जाते. माझा त्याला विरोध आहे.

पूर, उंदीर, काजळी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलेलं पाणी पुणेकर विसरलेले नाहीत. लँड रोव्हरची डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. ती नवी, धडधाकट गाडी. दहा वर्षांच्या गाडीचे रबरी सील तसे नसतात. गाडी पाण्यात बुडाली तर किल्ली फिरवू नका, बटण दाबू नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या पॉलिसीत तो खर्च बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं ॲड-ऑन लागतं. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी सपाट ट्रकवर चढवून न्या. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑनही घ्या, कारण साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांची निम्मीच रक्कम मिळते आणि या गाड्यांचा बंपर म्हणजे प्लास्टिकच.

उंदरांसाठी मी काहीच खात्रीचं औषध पाहिलं नाही. बॉनेटखालच्या मोकळ्या वाटांना बारीक तारेची जाळी, आठवड्यातून दोनदा तरी गाडी हलवणं आणि पार्किंगजवळ कचऱ्याचा डबा नसणं, एवढं केल्यावर माझ्याकडे त्रास थांबला. कुरतडलेली वायर सापडली तर टेप गुंडाळू नका. सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

डिझेल गाडी रोज कर्वे रस्त्यावर रांगतच चालली तर धुराची काजळी धरणारा डीपीएफ भरतो. दोन आठवड्यांतून एकदा किवळ्याहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत एका वेगाने जाऊन या. त्याची स्वतःला जाळून साफ व्हायची प्रक्रिया अर्ध्यात तोडू नका. डीपीएफ पोकळ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, ते बेकायदा आहे आणि पीयूसीत अडकाल.

गॅरेज आणि पैसे

वॉरंटी संपल्यावर मी दोन दरवाजे ठेवले आहेत. रिकॉल, सॉफ्टवेअर आणि किल्लीची कामं अधिकृत केंद्रात. सस्पेन्शन, ब्रेक, वायरिंग स्वतंत्र माणसाकडे. वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून या शहरात आहे आणि आसपास इतके कारखाने, त्यामुळे वायरिंगचा नकाशा वाचता येणारा माणूस पुण्यात शोधला तर सापडतो. पहिल्या भेटीत त्याला विचारा: कंपनीचं निदान सॉफ्टवेअर आहे का, नकाशा बघून काम करता का, जुना भाग परत देता का. तिन्हीला होकार नसेल तर पुढे चला.

"युनिट गेलंय" हे निदान ऐकलं की विचारा, त्याला वीज पोचते का, अर्थ मिळतो का, संदेश येतात का, आणि हे मोजून दाखवा. मोजून न दाखवता भाग मागवायला निघालेल्याला थांबवा. भाग मागवताना गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर द्या. ज्या कारखान्याने मूळ भाग बनवला त्याच्याच नावाने, कंपनीच्या छापाशिवाय तोच भाग बऱ्याचदा बराच कमी पैशांत मिळतो. ब्रेक, फिल्टर, सेन्सर यांत हे हमखास बघा. भंगारातलं कंट्रोल युनिट घेताना मात्र जपा. ऑडीत ते मूळ गाडीशी बांधलेलं असतं आणि दुसऱ्या गाडीत बसवल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडून मोकळं करून घ्यावं लागतं.

मी दर महिन्याला दहा हजार रुपये एका वेगळ्या खात्यात टाकतो, बिघाड असो वा नसो. आणि डिकीच्या खणात एक वही आहे: तारीख, किलोमीटर, सकाळचं व्होल्टेज, चार कोपऱ्यांची उंची, काय बदललं. गेल्या महिन्यात मागच्या उजव्या कोपऱ्याची उंची सहा मिलिमीटरने कमी भरली. मागचे दोन्ही फुगे मागवले आहेत. कॉम्प्रेसर अजून चांगला आहे.